दोघींचं रक्त

सकाळपासून थोरलीचं बूड एका जागी टेकत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात तिनं एकाच गिऱ्हाइकाची काच दोनदा घासली आणि दोन्ही वेळा वाया घालवली. "आज घरी जा गं बाई," मालकानं हात जोडले. पण घरी धाकटी होती.

दोघी जुळ्या, अगदी हुबेहूब. थोरली जरा आधी जन्मली आणि तेवढ्या भांडवलावर तिनं आयुष्यभर मोठेपणा मिरवला. तिशीही गाठली नव्हती तोच तिच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. औषधांनी ती आटली, आता ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या लहान वयात झालाय, तर जनुकांची तपासणी कर. दोष निघाला तर दुसरा स्तनही काढलेला बरा, नाही निघाला तर तो वाचेल.

गोष्ट साधी होती. पण दोघींची जनुकंही एकच, म्हणजे थोरलीचा निकाल तोच धाकटीचा. आणि धाकटीनं कानांवर हात ठेवले होते. "मला काही कळायला नको. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे."

निकाल लपवायचा म्हटलं, तर थोरलीला बहिणीपासून आजवर साधं चॉकलेटही लपवता आलं नव्हतं. धाकटी तोंड बघूनच ओळखायची. इकडे आड, तिकडे विहीर.

दुपारी दोघी दवाखान्यात जनुक सल्लागार बाईंसमोर बसल्या. बाई समजावून सांगत होत्या, धाकटी खाली मान घालून ऐकत होती. थोरलीला ते बघवेना.

"तपासणी नको," ती एकदम म्हणाली. "दोन्ही काढून टाका."

"पण कदाचित गरजच नसेल," बाई म्हणाल्या.

"नसू दे."

धाकटी ताडकन उठली. "माझ्यासाठी धडधाकट अंग कापून घेणार तू?"

"अंग माझं आहे."

"मोठी आलीय शहाणी!" धाकटीनं बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. "घ्या हो रक्त. हिच्या शिरा औषधांनी पार करपल्यात. दोघींचं एकच ना? मग माझं घ्या."

"आज कुणाचंच घेणार नाही," बाई हळूच म्हणाल्या. "आधी तुमच्याशी बोलू. तुम्ही नाही म्हणू शकता."

"नाही म्हणून झालं माझं."

धाकटीनं हात टेबलावरून हलवला नाही. महिनाभर थोरलीला हेच हवं होतं. आता मात्र ती बाही खाली ओढावी आणि हिला घेऊन इथून पळत सुटावं, असं तिला वाटलं.