चार सामने बाकी असताना

एलादियो मास्तरांनी काउंटरवरच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि खिशातला कागद उलगडून देयानिरापुढे ठेवला.

"वाच. पितळेवर कोरायचं आहे. नंतर खोडता येत नाही, म्हणून आधीच दाखवतो."

देयानिराने चष्मा लावला. मास्तरांचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच होतं, गोल आणि मोठं. 'सेफेरिनो लुगो. उन्हाळे मेक्सिकोत, हिवाळे व्हेनेझुएलात खेळला. चेंडू कुंपणापार धाडण्यात त्याच्या तोडीचा फलंदाज या प्रांताने पाहिला नाही. होमरनचा किताब हाताशी आला असताना, मोसमाचे चार सामने बाकी असताना, आजारी लेकीसाठी त्याने तो सोडला.'

"आधी निवडून तर येऊ द्या पपांना," ती म्हणाली.

"त्यासाठीच आलोय ना." मास्तरांनी स्टूल ओढून बसकण मारली. प्रांताच्या बेसबॉल कीर्तिदालनाच्या समितीचे ते अध्यक्ष होते. समितीत सात जण, निवडून यायला पाच मतं लागत आणि सेफेरिनोला दर वर्षी चार पडत. "आकडे सांगून सांगून माझा घसा बसला. मेक्सिकोतलं त्याचं मैदान समुद्राला लागून होतं, वारा सगळा तोंडावर यायचा, त्या वाऱ्यातून तो चेंडू मारायचा. दुसऱ्या कुठल्या मैदानात असता तर दीडपट होमरन झाले असते. ते म्हणतात, उत्तरेच्या, न्यूयॉर्ककडच्या मोठ्या लीगमध्ये एकदा तरी खेळला का? नाही. किताब मिळाला का? नाही. मग अशांना टांगायचं म्हटलं तर अर्धा प्रांत भिंतीवर टांगावा लागेल."

"मग मी येऊन काय करू?"

"उभी राहा. दोन शब्द बोल. जिच्यासाठी त्याने किताब सोडला ती ही, एवढं त्यांना दिसू दे. तुला नक्की काय झालं होतं गं तेव्हा?"

"मी पाच वर्षांची होते, मास्तर. ताप होता म्हणतात."

"कसला ताप?"

एक बाई मुलाला कडेवर घेऊन आत आली आणि देयानिरा औषध काढायला वळली. मास्तर निघून गेले, तरी प्रश्न मात्र दुकानातच राहिला. साखर कारखान्याच्या वस्तीत तिला सगळे तापाची पोर म्हणूनच ओळखत आले होते. लग्नात सासऱ्यांनीही हाच किस्सा सांगून ग्लास उंचावला होता. आता ती वीस वर्षं औषधं विकत होती. ताप म्हणून कुणी आलं की कधीपासून, किती, थंडी वाजते का, हे विचारल्याशिवाय ती गोळी देत नसे. स्वतःच्या तापाबद्दल मात्र तिने एकदाही चौकशी केली नव्हती.

दुपारी दुकान बंद करून ती मिंगामावशीकडे गेली. आई सदा कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला. देयानिराला खरं वाढवलं ते या मावशीने. मावशी अंगणात हिरवी केळी सोलत बसली होती.

"ताप? तुला?" मावशीने सुरी थांबवली. "अगं, त्या वर्षी तू नुसती घोड्यासारखी उधळत होतीस. माझी दोन्ही पोरं गोवराने झोपली, तुला पुरळसुद्धा नाही."

"मग सगळे म्हणतात ते?"

"सगळे म्हणतात ते मीही ऐकते. तुझ्या बापाने मेक्सिकोत तसं सांगितलं, पेपरात आलं. आता पेपरात आलेलं मी कशाला खोटं पाडू? बरं, माणूस घरी आला होता."

"आले तेव्हा काय झालं?"

"काय व्हायचंय? हातात बॅग, खांद्यावर बॅटी, दारात उभा. तू पाण्याच्या पिंपामागे जाऊन लपलीस. म्हणालीस, मावशी, कुणीतरी आलंय." मावशीने पुन्हा सुरी चालवायला घेतली. "मग चार दिवस पायरीवर बसून रेडिओ ऐकत होता. शेवटच्या दिवशी किताबाच्या शर्यतीतल्या दुसऱ्या फलंदाजाने दोन होमरन मारले आणि हा एकाने मागे पडला. किताबही गेला, टीमही हरली. अंगणात ही एवढी गर्दी. सगळे याच्या तोंडाकडे बघतायत आणि हा तुझ्या चपलेचा पट्टा शिवतोय. का आलास, म्हणून मी विचारलं नाही. आता तूच विचार की."

सेफेरिनो व्हरांड्यात गुडघ्यांना मलम चोळत बसला होता. इतका उंच माणूस, पण खुर्चीत बसला की घडी घातल्यासारखा दिसे. देयानिराने मलमाची डबी त्याच्या हातातून घेतली आणि खाली बसून स्वतःच चोळायला सुरुवात केली.

"पपा, मी आजारी नव्हते."

रस्त्यावरून बर्फाचे गोळे विकणारा ओरडत गेला.

"मिंगाने सांगितलं?"

"हो."

"तिच्या पोटात काही राहत नाही."

"चाळीस वर्षं राहिलं की. पपा, का आलात?"

त्याने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "फोन केला होता. कारखान्याच्या ऑफिसात. रविवारी तुम्हा सगळ्यांना तिथे बोलवायचे ना, आठवतं? आई कामावर होती. तू फोन घेतलास."

"मग?"

"मी म्हटलं, मी पपा बोलतोय. तू म्हणालीस, कुठले पपा?"

देयानिराचा हात त्याच्या गुडघ्यावरच थांबला. त्या घरात आजोबांना सगळे पपा म्हणत. मावशीच्या नवऱ्यालाही पोरं पपाच म्हणत. पाच वर्षांच्या मुलीने ते विचारलं यात वावगं काही नव्हतं.

"तुझी काही चूक नव्हती," तो घाईने म्हणाला. "मी वर्षातून दोन आठवडे घरी. पण मॅनेजरला जाऊन काय सांगणार? पोरीने नाव विचारलं म्हणून घरी जातो? म्हटलं, ती आजारी आहे. तेव्हा ते अगदीच खोटंही वाटलं नाही मला."

"आणि किताब?"

"होता हाताशी." तो जरा हसला. "मास्तरला काय सांगायचं ते तू ठरव. ताप म्हणालीस तरी चालेल. आता सगळ्यांना सवय झालीय."

शनिवारी सकाळी निळा सुती झगा घालून देयानिरा कीर्तिदालनात गेली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. टायफॉइड म्हणायचं. त्या काळी वस्तीत तो असायचाच, कुणी खोलात शिरणार नाही. बापाला भिंतीवर एक पितळी चौकोन मिळत असेल, तर एका तापाने कुणाचं काय बिघडतं?

दालन म्हणजे एक लांबट खोली होती. दोन्ही भिंतींवर गेलेल्या आणि असलेल्या खेळाडूंचे चेहरे, मध्ये टेबल, टेबलाभोवती सात म्हातारे. मास्तरांनी ओळख करून दिली. पाच जणांनी मान डोलावली. टेबलाच्या टोकाला बसलेल्याने डोलावली नाही. तो निकानोर. मेक्सिकोत सेफेरिनोच्याच टीमचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. त्याची बोटं इतक्या वेळा मोडून जुळली होती की कप धरायला त्याला दोन्ही हात लागत.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला.

"निकानोर, तिला आधी बोलू दे," मास्तर म्हणाले.

"माझं विचारून झालं की बोलू दे. पोरी, त्या वर्षी आम्हाला चारांतला एकच सामना जिंकायचा होता. एक जिंकला असता तर अंतिम फेरी. तुझा बाप असता तर आम्ही तो झोपेत जिंकला असता. अंतिम फेरी मी आयुष्यात खेळलो नाही, ना त्याआधी, ना त्यानंतर. म्हणून विचारतो, राग मानू नकोस. तू खरंच आजारी होतीस?"

देयानिराने तोंड उघडलं. टायफॉइड हा शब्द जिभेवर तयार होता. समोरचा माणूस मोडक्या बोटांनी कप धरून तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असेल अशी तिची कल्पना होती. पण त्याला खरोखरच फक्त जाणून घ्यायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "ठणठणीत होते."

मास्तरांनी डोळे मिटले.

मग तिने फोनचं सांगितलं. फार वेळ लागला नाही. सांगण्यासारखं होतं ते चार वाक्यांचंच. सांगून झाल्यावर कुणीतरी घसा खाकरला. टेबलावरचा पंखा मान वळवत कागद उडवत राहिला.

निकानोरने कप खाली ठेवला.

"हॉटेलात खाली एकच फोन होता. रविवारी रांग लागायची. त्या दिवशी सेफेरिनोच्या मागे मी उभा होतो." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "ऐकायचं नव्हतं, पण ऐकू आलं. तो म्हणत होता, मी सेफेरिनो. सेफेरिनो लुगो. सगळं नाव सांगत होता. स्वतःच्या घरच्यांना. मला वाटलं, घरी असं कोण बोलतं? त्याने फोन ठेवला, म्हणाला पोरीला बरं नाही, आणि वर निघून गेला. पुढची पाळी माझी होती. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मी फोन केला नाही. मागच्याला म्हटलं, तू कर. आणि जेवायला गेलो."

मतदानासाठी देयानिराला बाहेर थांबवलं. ती पायऱ्यांवर उभी राहिली. समोरच्या चौकात डोमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत होत्या. आत आवाज चढला, उतरला. मग दार उघडून मास्तर आले. हातातला कागद त्यांनी चौपदरी घडी घालून खिशात ठेवला.

"चार," ते म्हणाले. "पुन्हा चारच. मला वाटलं होतं, आज नक्की..." पुढचं न बोलता ते टोपी घालून निघून गेले.

तिने गाडीचं दार उघडलं तेव्हा निकानोर पलीकडच्या बाजूने येऊन उभा होता.

"मी 'नाही'च लिहिलं," तो म्हणाला. "म्हटलं, तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं."

"का?"

"टीम सोडली ती सोडली. आजारपण असतं तर गोष्ट वेगळी होती. चेंडू मारण्यात त्याच्यासारखा दुसरा झाला नाही, ते मी शपथेवर सांगेन. पण ती भिंत नुसती चेंडू मारणाऱ्यांची नाही." तो थांबला. "घरी असतो का तो?"

"असतात."

"मला घेऊन चल."

वाटेत उसाची शेतं लागली. निकानोर काच खाली करून बाहेर बघत होता. देयानिराला त्याचा राग यायला हवा होता, पण डोक्यात वेगळंच घोळत होतं.

"तुमचा मुलगा कुठे असतो, काका?"

"न्यूयॉर्कला. बांधकामावर साहेब आहे. दर आठवड्याला बोलतो." जरा वेळाने त्याने वाक्य पुरं केलं. "आईशी."

सेफेरिनो व्हरांड्यातच होता. गाडीतून कोण उतरलं ते त्याला लगेच ओळखू आलं नाही. मग त्याने डोळ्यांवर हात धरला आणि गुडघ्यांवर जोर देत उठला. दोघांनी हात मिळवले नाहीत. निकानोर पायरीखाली उभा, सेफेरिनो वर.

"जाडा झालास," सेफेरिनो म्हणाला.

"तू वाळलास."

"किती पडली?"

"चार."

"पाचवं कुणी अडवलं?"

"मी."

देयानिरा हातात किल्ल्या घेऊन मधेच उभी होती.

"बरोबर केलंस," सेफेरिनो म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तरी हेच लिहिलं असतं. चार सामने बाकी असताना कुणी जातं का?"

"नाही जात."

"मी गेलो."

"माहीत आहे." निकानोर पायऱ्या चढून वर आला, रिकामी खुर्ची त्याच्या खुर्चीपाशी ओढली आणि बसला. मोडकी बोटं त्याने मांडीवर एकात एक गुंतवली. "तुझ्या पोरीने फोनपर्यंतचं सांगितलं. पुढचं सांग. घरी पोचलास, मग काय झालं?"

सेफेरिनो हळूहळू खाली बसला. गोष्ट कुठून सुरू करावी हे ठरवणाऱ्या माणसासारखा तो थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याने देयानिराला हाताने जवळ बोलावलं.

"तूही बस," तो म्हणाला.