कराटेवालीचा मामा

खटकचिंचोळीत बायकांसाठी दुपारचा खेळ मी सुरू केला, हे आता कुणी कबूल करत नाही. नव्याण्णव साली मी रंगीत टीव्ही आणि सीडी प्लेअर आणला आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत मांडला. संध्याकाळी गडीमाणसं मारधाडीचे सिनेमे बघायची. बायकांनी काय बघावं यावर गावात तीन मतं होती आणि तिन्ही बाप्यांची होती. शेवटी बीदरच्या सीडीवाल्याने एक सीडी माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, "ले जाओ योगीराज, बाल-बच्चे सब देख सकते."

सिनेमा इंग्रजी, माणसं चिनी. एक तरणी पोरगी, तिचे दोन धाकटे भाऊ आणि त्यांना लढायला शिकवणारा एक तरुण मास्तर. ते कराटे होतं की आणखी काही, याच्याशी गावाला घेणंदेणं नव्हतं. रक्ताचा थेंब नाही, वाईट शब्द नाही. चोरसुद्धा पिठाच्या हौदात पडायचे आणि शिंकत पळायचे. अडचण एकच, कुणाला अक्षर कळत नव्हतं. म्हणून मी अंबिकाला टीव्हीशेजारी पाटावर बसवलं.

अंबिका म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, रेणुकाअक्काची मुलगी. वीस वर्षांची, भालकीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. ती पडद्यावरचं बोलणं आधी मराठीत सांगायची, मग मागच्या रांगेसाठी कानडीत. आमच्यात मामाने भाचीशी लग्न करणं रीतीतलंच. अंबिका माझी, हे तिच्या बारशालाच ठरलं होतं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि हातात बत्तासे असल्यामुळे काही हरकत घेतली नाही. आता तिची परीक्षा झाली की वैशाखात बार उडवायचा, एवढंच उरलं होतं.

पहिला खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच नागूबाईने तोंड उघडलं. नागूबाई म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात चौकस बाई.

"ए अंबू, ह्यो बाप्या तिचा कोन? हात कामून धरायलाय पोरीचा?"

परका मास्तर घरात राहतो आणि वयात आलेल्या पोरीचा हात धरून ठोसे शिकवतो, असं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी खेळ बंद पडला असता. अंबिकाने एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा हाय तिचा."

बायकांचा जीव भांड्यात पडला. "मंग धरू दे की, माय!"

घोटाळा झाला तो इथेच. मास्तराचा मामा झाला म्हणजे लग्न ठरल्यातच जमा. त्या पोरीचं नाव मेई होतं, बायकांनी तिची मीनाक्षी केली आणि खेळ सुटल्यावर मारामारीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नवरानवरीचा जोडा कसा शोभतो, याचीच चर्चा. मला तर गुदगुल्या झाल्या. त्या मामाला मिशी नव्हती, म्हणून मीही माझी काढून टाकली.

महिन्याभराने दुसरा भाग आणला. नागूबाई पदराच्या गाठीत अक्षता बांधून आली. पण सिनेमावाल्यांना आमची रीत कुठे माहीत? अर्ध्यावर एक डॉक्टरीण आली आणि मामा तिच्याकडे बघून हसला.

"ही सटवी कोन?"

"मामाची बहीन हाय," अंबिका म्हणाली.

शेवटी मामाने त्या डॉक्टरणीला फुलांचा गुच्छ दिला. खोलीत कुजबुज वाढली.

"त्यांच्यात बहिनीला फुलं देतेत," अंबिकाने ठामपणे सांगितलं आणि कानडीत आणखी ठामपणे सांगितलं. मी प्लेअरपाशी हसून हसून बेजार झालो.

त्याच आठवड्यात ती मला म्हणाली होती, "मामा, बीदरला नर्सिंगचा फॉरम निघालाय. तीन वर्षं हायत."

"लग्नानंतर बघू," मी म्हणालो. जत्रेत पाळण्यासाठी हट्ट धरलेल्या पोराला सांगतात तसं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या भागाला खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. रेणुकाअक्का पहिल्या रांगेत बसली. तिचा नवरा, बिराप्पा दाजी, बायकांच्या खेळात पहिल्यांदाच आला आणि दाराशी अवघडून टेकला. आज मीनाक्षीचं लग्न लागणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. डॉक्टरणीचं तोंड दिसलं की बायका "आली नणंद" म्हणून खिदळत होत्या.

शेवट जवळ आला. मीनाक्षी पिशवी घेऊन स्टेशनवर उभी, समोर मामा. तिने वाकून नमस्कार केला, दोन शब्द बोलली आणि तोंड मिटलं.

अंबिका मात्र बोलतच राहिली.

"मीनाक्षी म्हनायलीय, मामा, तुमी मला पाय रोवून उभं राहायला शिकवलंत. तुमच्यावानी मानूस मला भेटनार न्हाई. पन मी तुमच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेली पोर हाय. मला तुमच्यासंगं लगीन करायचं न्हाई. मला शिकायला जायाचंय. आईला सांगायचं धाडस होईना, म्हनून हितं सांगायलेय."

पडद्यावरची पोरगी कधीची गप्प उभी होती. ते दिसत मलाच होतं, कारण बाकी सगळ्या अंबिकाकडे बघत होत्या. मी बटण दाबलं आणि चित्र थांबवलं. मामाच्या तोंडावरच थांबलं नेमकं.

या वेळी तिने कानडीत काही सांगितलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. वीस वर्षं मी स्वतःला नवरदेव समजत आलो होतो आणि ते मला आवडतही होतं. भर खोलीत, माझ्याच टीव्हीसमोर, माझ्याच खेळात! उठून निघून जावं असं वाटलं.

"मंग?" नागूबाई म्हणाली. "मामा काय म्हनला?"

अंबिका खाली मान घालून बसली होती. पाटाची कड तिने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. तीन सिनेमे झाले, कुणाच्याही प्रश्नाला ही पोरगी अडली नव्हती. आणि आता तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते माझ्याकडे होतं. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला तिची भीती तेवढी दिसली. ती मला घाबरत होती, हे मला सहन झालं नाही.

मग मामाचं बोलणं मीच सांगायला घेतलं.

"मामा म्हनतो, फॉरमची शेवटची तारीख कवा हाय?"

अंबिकाने मान वर केली. "सोमवार."

"मामा म्हनतो, सोमवारी सकाळच्या बशीनं दोघं बीदरला जाऊ. फॉरम भरू." थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. "आन् म्हनतो, आईचं भ्याव धरू नको. आईला मी सांगतो."

आई समोरच बसली होती, तीन हातांवर. मी उठलो आणि अक्काशेजारी जाऊन बसलो.