नव्या सायकलीचा नारळ

सायकल मिळाली शनिवारी संध्याकाळी आणि शर्यत होती रविवारी सकाळी सात वाजता. एवढ्यावरून काय ते समजा.

खरं तर ती आठ दिवस आधीच यायची होती. माझ्या प्रशिक्षकांचा, नंदकुमार सरांचा जुना विद्यार्थी इंद्रजित बोटीवर इंजिनियर होता. इटलीतल्या कुठल्याशा क्लबाकडून त्याने ती मिळवली, आणि सरांनी ती मला द्यायची ठरवली. पण बोट न्हावा-शेव्याला लागायलाच आठवडा उशीर झाला. शनिवारी खोकं वाशीतल्या आमच्या खोलीत पोचलं तेव्हा आत सायकल नव्हतीच, सायकलीचे सुटे भाग होते. सर पाने घेऊन जमिनीवर बसले, आई चहा करत राहिली आणि मी डोक्याला हात लावला. जिच्यावर एकदाही बसले नव्हते त्या सायकलीवरून मला शेवटची निवड चाचणी द्यायची होती.

शेवटची, हे मी उगाच गळा काढून सांगत नाही. गणितच तसं होतं. सरकारी खात्यात खेळाडूंसाठी ज्या जागा राखलेल्या असत, त्यांना वयाची अट पंचवीस. मला पंचवीस पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. अर्जाला राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र लागायचं, आणि त्या स्पर्धेला राज्यातून पहिल्या तिघीच जायच्या. त्र्याण्णव साली मी पाचवी आले. चौऱ्याण्णव साली चौथी. हे पंच्याण्णव होतं.

आणि नोकरी काही मिरवायला नको होती मला. माझे वडील, कोंडिबा, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सातारा सोडल्यापासून सत्तावीस वर्षं त्यांच्या पाठीवर गोणी. गेल्या दिवाळीत त्यांचा मणका सरकला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून सांगितलं, यापुढे एकही गोणी उचलायची नाही. आबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि सोमवारी पहाटे कामावर गेले. मी तोंडाची फटकळ, घर डोक्यावर घेतलं. शेवटी आमच्यात ठरलं: मला, म्हणजे उज्वलाला, नोकरी लागली की त्या दिवशी आबा आकडा खुंटीला लावणार. आकडा म्हणजे गोणीत रुतवून ती ओढायचा लोखंडी हूक. तो खुंटीला लागलेला मला बघायचा होता. बाकी कशाची हौस नव्हती.

रविवारी पावणेसात वाजता आम्ही बेलापूरला पोचलो, उरण रस्ता जिथे सुरू होतो तिथे. आबांच्या मित्राचा, पंढरीकाकांचा कांद्याचा टेम्पो. मागे नवी सायकल गोधडीत गुंडाळलेली आणि तिच्या शेजारी माझी जुनी देशी रेसर.

"हिला कशाला आणलीत? बघायला?" मी आबांवर खेकसले.

"आसूं दे की," आबा म्हणाले. "सा वरसं राबलीया ती. आज तिला घरी ठिवायची व्हय?"

मी कपाळाला आठ्या घातल्या.

शर्यत घड्याळाशी असते. एकेकीला मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडतात, वीस किलोमीटर एकटीने मारायचे, दहा जायचे आणि दहा यायचे. सगळ्यांत कमी वेळ जिचा, ती पहिली. माझा नंबर बारावा. मला सोडणार होते सात वाजून अकरा मिनिटांनी. म्हणजे नव्या सायकलीची ओळख करून घ्यायला माझ्या हातात कशीबशी वीस मिनिटं होती.

गोधडी काढली तेव्हा आबा दोन पावलं मागे सरले. मागचं चाक अख्खं बंद, ताटासारखं, तारा नाहीत. पुढचं चाक त्याहून लहान. आणि हँडल म्हणजे पुढे आलेली दोन टोकं, मध्ये कोपरं टेकायला दोन गाद्या.

"ही काय बैलाची शिंगं म्हनायची?" आबांनी विचारलं.

सरांनी मला समजावलं. कोपरं गाद्यांवर टेकवायची, हात पुढे जोडायचे, मान खाली. ब्रेक मात्र शिंगांवर, म्हणजे ब्रेक लावायचा तर आधी अंग उचलायचं. "आणि एक लक्षात ठेव," सर म्हणाले. "या टायरला आत ट्यूब वेगळी नाही. टायर रिमला चिकटवलेलं आहे. पंक्चर झालं तर रस्त्यात काही करता येणार नाही. पुढच्या चाकाच्या मापाचं दुसरं टायर तर अख्ख्या मुंबईत मिळायचं नाही. तेव्हा खड्डे बघून."

मी टांग टाकणार एवढ्यात आबांनी हँडल धरलं.

"आगं, नवं वाहन हाय. आसंच बसतीस?"

"आबा, वेळ नाही. नंतर करू."

"नंतर कसं? मारकेटात नवी हातगाडी आली तरी नारळ फोडल्याबिगर चाक हलवत न्हाय आमी. आन् तू एवढी लांबची गाडी आशीच पळवणार?"

त्यांनी पिशवी उघडली. सगळी तयारी करून आले होते. हळद-कुंकू, झेंडूचा हार, दोन लिंबं, उदबत्ती. उदबत्ती वाऱ्याने पेटेना. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. तीन काड्या वाया गेल्या. बाकीच्या मुली रस्त्यावर पाय मोकळे करत होत्या, आणि मी माझ्या सायकलीला कुंकू लागताना बघत उभी होते. शिंगांना कुंकू, गाद्यांना कुंकू, दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू. मग आबांनी पुढच्या चाकासमोर डांबरावर नारळ आपटला.

दुसऱ्या कुणी फोडला असता तर नारळाची दोन शकलं झाली असती. माथाडीच्या हाताने फोडलेला नारळ होता तो. करवंटीचा चुरा झाला.

"बघ, कसा पांढराशुभ्र निगाला!" आबा हरखून गेले. "आज काम फत्ते! चल, घाल लिंबावरनं."

पुढे करवंटीचे तुकडे पसरले होते. पायाने बाजूला सारावेत असं माझ्या मनात आलं, हे मी आजही नाकारत नाही. पण तेवढ्यात दहा नंबरच्या मुलीला पुकारलं. मी लिंबांवरून आणि त्या तुकड्यांवरून सायकल पुढे ढकलली, टांग टाकली आणि दोनच चकरा मारल्या. पहिल्या चकरेत पडता पडता वाचले. दुसऱ्या चकरेत माझा नंबर पुकारला.

पहिला किलोमीटर नुसती भीती. मान खाली घातली की रस्ता दिसेना, वर केली की सायकल डुगडुगायला लागे. खाडीवरून वारा येत होता आणि ते बंद चाक शिडासारखं तिरकं ओढलं जात होतं. ही आपल्याला खड्ड्यात घालणार, असं मला वाटलं. इंद्रजितला, सरांना, बोटीला, सगळ्यांना मी शिव्या घातल्या.

आणि मग दुसऱ्या किलोमीटरच्या पुढे कधीतरी ती सरळ झाली. सायकल नव्हे, मीच झाले असणार. पायडल मारत होते तेवढं सगळं रस्त्यात उतरत होतं, काहीही वाया जात नव्हतं. सहा वर्षं मी जुन्या सायकलीवर वाऱ्याशी भांडत होते, आणि आज वारा माझ्यावरून निघून जात होता. दोन्ही बाजूंची मिठागरं मागे पळत होती. सहाव्या किलोमीटरला मी अकरा नंबरच्या मुलीला मागे टाकलं. ती माझ्याआधी एक मिनिट सुटली होती.

दहाव्या किलोमीटरला वळण. तिथे सर स्कूटरवर घड्याळ धरून उभे होते. आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस, पण किंचाळले.

"पहिली! उज्वला, पहिली! चाळीस सेकंद पुढे!"

मला हसू फुटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी खुंटीला टांगलेला आकडा बघितला. आबा दुपारचे घरी, खाटेवर पडून पेपर वाचताहेत आणि आईला चहा मागताहेत, हेसुद्धा बघितलं.

तेराव्या किलोमीटरला पुढच्या चाकाचा फुस्स आवाज आला.

आधी वाटलं, दुसऱ्या कशाचा तरी असेल. मग हँडल जड झालं, चाक डांबरावर खडखडायला लागलं. मी तशीच मारत राहिले. शंभर मीटर, दोनशे मीटर. मग सायकल आडवी गेली आणि मी कसेबसे पाय टेकले.

मागे वळून बघितलं. मागून गाडी आणायला परवानगी होती, पण पंढरीकाकांचा टेम्पो एका कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकला होता, दिसतही नव्हता. घड्याळ काही अडकलं नव्हतं. मी सायकल खांद्यावर टाकली आणि धावत सुटले. सायकलीच्या त्या बुटांत धावता येत नाही, तळाला लोखंड असतं. टकटक करत, घसरत, मी उरण रस्त्यावरून धावत होते आणि रडत होते. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन एक बाई समोरून येत होती. ती थबकली.

"लागला का गो पोरी?"

मी तशीच पुढे धावले.

टेम्पो आला तो हॉर्न वाजवत. थांबायच्या आधीच आबांनी मागून उडी मारली, आणि एका हाताने माझी जुनी रेसर खाली घेतली. त्या पाठीने! नवी सायकल माझ्या खांद्यावरून काढून घेतली, मला जुनीवर बसवलं आणि मागून असा धक्का दिला की मी पंचवीस पावलं नुसती वाहत गेले.

उरलेले किलोमीटर कसे मारले ते मला आठवत नाही. आठवते ती तोंडातली रक्ताची चव, आणि पुन्हा समोर उभा राहिलेला वारा.

निकाल साडेआठला लागला. सरांनी कागद दोनदा वाचला.

"चौथी," ते म्हणाले. "नऊ सेकंदांनी."

मी टेम्पोकडे गेले. मला कुणावर तरी राग काढायचा होता. रस्ता बांधणाऱ्यावर, कंटेनरवर, बाटल्या फोडणाऱ्या बेवड्यांवर, कुणावरही. मी पुढच्या चाकावरून बोट फिरवत नेलं. अर्ध्यावर काहीतरी टोचलं. नखाने उपसून काढलं आणि तळहातावर घेतलं.

काच नव्हती. खिळाही नव्हता. बोटाच्या पेराएवढा करवंटीचा टोकदार तुकडा होता. एका बाजूने तपकिरी, आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या खोबऱ्याचा कण अजून चिकटलेला. तेरा किलोमीटर तो रुतत रुतत आत गेला होता.

मला आबांचा इतका संताप आला की कानशिलं गरम झाली. ती उदबत्ती, ते लिंबू, ते कुंकू, सगळं त्यांच्या अंगावर भिरकावून द्यावं असं वाटलं. तुमच्या नारळाने माझी नोकरी घालवली. तुमचीच पाठ तुम्ही मोडलीत, आबा. वाक्य जुळून तयार होतं. गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही, हे सगळी कॉलनी सांगेल.

"काय घुसलं हुतं गं?"

आबा माझ्या मागे उभे होते. एक हात कमरेवर दाबलेला. मघाच्या त्या उडीचं आता बाहेर येत होतं, ते सरळ उभेसुद्धा राहू शकत नव्हते. डोळे लाल होते. रडले असावेत, टेम्पोच्या मागे जाऊन.

मी मूठ मिटली.

"काच," मी म्हटलं. "बाटलीची."

"त्या बाटल्या फोडणाऱ्याचं वाटुळं हुईल," आबा म्हणाले. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पर बरं झालं, निगताना नारळ फोडला हुता. न्हायतर त्या येगात तोंडावर पडली आसतीस. थोडक्यात निभावलं, पोरी."

मी मान डोलावली.

"पंढरी, उद्या पहाटं चारला नाशकाची कांद्याची गाडी लागतीया. मला घ्याया ये रं," त्यांनी काकांना हाक मारून सांगितलं. मग खिशातून कागदाची पुडी काढली आणि सोडून माझ्यापुढे धरली. आत खोबरं होतं, त्याच नारळाचं.

"गडबडीत परसाद खायाचा ऱ्हायलाच तुजा. घे."

मी एका हाताने घेतलं. दुसरी मूठ उघडली नाही, करवंटीचं टोक तळव्यात रुतत होतं. आबा मी खाईपर्यंत समोरून हलले नाहीत.

"ग्वाड हाय न्हवं?"

"गोड आहे, आबा," मी म्हटलं.