गोजराबाईंचा पाळणा पारंपरिक कसा झाला

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. बेंगळुरात, बनशंकरीतल्या एका घरात, खिडकीखालच्या चटईवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावं आणि आशीर्वाद द्यावेत अशी तुमची अपेक्षा असते. मला ते आज जमणार नाही. मला राग आला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय माझा भाता मोकळा व्हायचा नाही.

माझा जन्म चिकपेटच्या एका अरुंद गल्लीत झाला. कारागिराने सागवान तासलं, भात्याला कातडं लावलं आणि पितळेचा एकेक सूर कानाशी धरून घासला. त्याच पेठेत साड्यांच्या घाऊक दुकानात नागोजी कामाला होते. त्यांचं घराणं बेंगळुरात पिढ्यानपिढ्या मुरलेलं. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही! त्यांची नवी नवरी गोजराबाई चूल पेटवतानाही गुणगुणायची. नागोजींनी एक दिवस मला तिच्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाले, "गुणगुणतेसच, तर नीट सुरात गुणगुण."

मग काय विचारता! बसवनगुडीत, आमच्या तेव्हाच्या वस्तीत, कुणाची हळद असो, डोहाळजेवण असो, बारसं असो, "गोजराअक्का आल्या का? पेटी आणली का?" हाच पहिला प्रश्न. गोजराबाई नवी नवी गाणी रचायची आणि कुणी विचारलं तर मान खाली घालून म्हणायची, "आमच्याकडं असंच म्हणतात." त्या बायकांची रीतच तशी होती. गाणं आपण करायचं आणि श्रेय रूढीला द्यायचं. आपलं म्हणून सांगणारी बाई आगाऊ ठरायची. मला तेव्हाही ही रीत आवडत नव्हती, पण पेटीला विचारतो कोण?

पुढे बिऱ्हाड बनशंकरीला हललं. हातगाडीवर मी अशी आदळले की माझ्या मधल्या सप्तकातला मध्यम, म्हणजे सा-रे-ग-म मधला म, कायमचा मुका झाला. ती पट्टी दाबली की नुसता वारा यायचा. "पुढच्या महिन्यात दुरुस्त करू," असं नागोजी म्हणाले आणि म्हणतच राहिले.

त्याच सुमारास गोजराबाईच्या भावाला मुलगी झाली. आत्या या नात्याने बारशाचा पाळणा हिनेच म्हणायचा होता. "हालव दोरी गं, बाळ माझं स्वल्प निजू दे," असे शब्द तिने जुळवले आणि चाल बांधायला माझ्यापुढे बसली. चाल मुक्या मध्यमापाशी आली की अडायची. दोनदा चिडली, तिसऱ्यांदा हसली. मग ग वरून थेट प वर उडी मारली आणि मधल्या रिकाम्या जागेत नुसतं "हूं" म्हणून पाळण्याच्या दोरीला द्यावा तसा हवेतच हिसका दिला. खालच्या सप्तकातला मध्यम धडधाकट होता, तो मात्र तिने भरपूर घेतला. अशी ती चाल माझ्या व्यंगातून जन्मली. आणि त्या मुलीच्या कानात आत्याने नाव सांगितलं, भव्या.

नागोजी गेले आणि माझे दिवस फिरले. पलंगाखाली ढकलली गेले. माझ्यावर लोणच्याची बरणी आली, मग जुने पंखे आले. झुरळांनी भात्यात संसार थाटले. वर्षं गेली. मला वाटलं, संपलं आपलं.

पण भव्या मोठी झाली आणि नोकरी सोडून स्वतःच्या बळावर गाऊ लागली. ना कंपनी, ना पाठीराखा. गाणं घरीच रेकॉर्ड करायचं, इंटरनेटवर टाकायचं आणि लोकांनी ऐकलं तर पोट भरायचं. तिने मला ओढून बाहेर काढलं, पुसलं, कातडं बदलून घेतलं. मुका मध्यम तेवढा तसाच राहिला, कारण पाळण्याला तो लागतच नव्हता. आत्याला शेजारी बसवून तिने तो पाळणा रेकॉर्ड केला.

गाणं चढवताना पडद्यावर प्रश्न आला, संगीतकार कोण? भव्याने विचारलं, "आत्या, तुझं नाव टाकते हां."

"छे गं! आपलंच नाव आपण मिरवायचं व्हय? पारंपरिक म्हण. बरं दिसतं."

"अगं, पण तूच केलंयस ना?"

"सरी, सरी," ती कन्नडमध्ये 'बरं, बरं' म्हणाली. "पारंपरिक टाक आणि जेवायला चल."

भव्याने मोठ्यांचा शब्द मोडला नाही. मित्रांनो, घरातल्या प्रत्येक लेकराला जिने नाव दिलं, तिने स्वतःच्या लेकराला मात्र बेवारस करून टाकलं. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं होतं.

पाळणा लोकांना आवडला. घरोघरी बाळं त्यावर झोपू लागली. आणि मग 'नादवैभव' नावाच्या कंपनीने तोच पाळणा व्हायोलिनबियोलिन लावून बाजारात आणला. आणला तर आणला, पण आठ दिवसांत भव्याचं गाणं बंद पडलं! तिला पत्र आलं, की तुमच्या गाण्यात आमचं संगीत विनापरवाना वापरलं आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! अशी आणखी एक तक्रार आली, तर इंटरनेटवाले तिची सगळीच गाणी काढून टाकणार होते. म्हणजे तिची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. तिने हरकत घेतली. कंपनीचं उत्तर आलं, गाणं पारंपरिक असल्याचं आपणच लिहून दिलं आहे.

भव्या त्या दिवशी जेवली नाही. गोजराबाईने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "रिक्षा बोलाव. मी येते. पेटी पण येते."

रिक्षात मी, आत्या आणि भव्या. चालक कुरकुरला, तशी गोजराबाई म्हणाली, "स्वल्प अड्जस्ट माडी अण्णा," म्हणजे जरा सांभाळून घ्या दादा. तो हसला आणि निघाला.

'नादवैभव'च्या काचेच्या इमारतीत आम्हाला विराट नावाचे साहेब भेटले. कंपनीच्या हक्कांचा कारभार त्यांच्याकडे होता. बोलणं मात्र मधाळ. "आजी, टेक्निकली तुमचा क्लेम बनतच नाही. ट्रॅडिशनल म्हणजे सगळ्यांचं."

"सगळ्यांचं ना? मग हिचंच का बंद केलं बाबा? सगळ्यांत ही बसत नाही व्हय?"

विराटने फोन उचलला. त्याने आशयला बोलावलं. कंपनीसाठी हा पाळणा वाद्यांवर बसवणारा तो. "सर, जुनीच धून आहे ही," तो खुर्चीत बसता बसता म्हणाला. गोजराबाईने फरशीवर मांडी घातली, माझा भाता उघडला आणि पाळणा सुरू केला.

आशय आधी मोबाईल बघत होता. मग त्याने तो खाली ठेवला. मग उठून आमच्याजवळ येऊन बसला. "आजी, खाली मध्यम घेता, मग इथे का सोडता? मला चाल बसवली तेव्हापासून कळत नाहीये."

"घेऊ कुठनं? वाजतो का बघ."

त्याने स्वतः पट्टी दाबली. वारा आला. पुन्हा दाबली. पुन्हा वाराच. त्याचे कान लाल झाले. "मी पण तिथे सोडलाय, सर. मला वाटलं, जुनी रीत असेल. ते 'हूं'सुद्धा तसंच ठेवलं."

"कुठनं ऐकलंस रे?" गोजराबाईने विचारलं.

आशयने भव्याकडे बघितलं. "हिच्याच व्हिडिओवरून."

विराटने त्याच्याकडे असं पाहिलं की भस्म व्हावं. मग हसू आणून म्हणाला, "ओके. भव्याचं गाणं आजच चालू करतो. तक्रार मागे घेतो. बाकी ते ट्रॅडिशनल तसंच राहू द्या ना. तुमचंही नुकसान नाही, आमचंही नाही."

भव्याने सुटकेचा श्वास टाकला. आत्या आता "सरी" म्हणणार, हे मला ठाऊक होतं. जन्मभर तेच म्हणत आली होती. तिने माझा भाता मिटला, खटका लावला.

"नाही. मी लाजले, म्हणून तुमी उचललंत. आता लिहून घ्या. गोजराबाई नागोजी जाधव. मी केलंय."

पहिल्यांदा नाव घेताना तिचा आवाज खाली गेला. विराटने मुद्दामच पुन्हा विचारलं, तेव्हा तिने ते असं ठणकावून सांगितलं की शेजारच्या खोलीतली माणसं वळून बघू लागली.

कंपनीने टाळाटाळ पुष्कळ केली. शेवटी नाव लावलं, पण कुठे? अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये. मित्रांनो, गाणं गा, खुशाल गा, पण ते कुणी केलं हे आधी विचारा. आणि तुमच्या घरात कुणी गुणगुणत असेल, तर ती माणसं लाजतात म्हणून तुम्ही गप्प बसू नका. लाजणाऱ्याचं घर लुटायला बाजार टपलेलाच असतो.

परवा शेजारी बारसं झालं. पाळणा संपल्यावर एका तरुण पाहुणीने कौतुकाने विचारलं, "आजी, हे पारंपरिक गाणं ना?"

गोजराबाईने चष्मा वर केला आणि म्हणाली, "होईल की पारंपरिक, मी मेल्यावर. आत्ता माझं आहे."