साबणाने धुतलेली वाळू

मित्रांनो, जिन्याखाली ती निळी बादली दिसते ना, तिच्यात मी आहे. मी वाळू. जुनी, पांढुरकी, अर्धी बादली भरेल एवढीच. लोक येता-जाता माझ्यात ओल्या छत्र्या खोचतात. परवा कुणीतरी संत्र्याची सालं टाकून गेलं. मला तोंड असतं तर चांगलं खडसावलं असतं, पण नाही. आज तुम्ही थांबलाच आहात, तर माझी हकिकत ऐकून घ्या. एक आधीच सांगते, मला बांधकामाच्या वाळूच्या पंक्तीला बसवू नका. मी नदीतली नाही आणि किल्ले करायची तर मुळीच नाही. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या पेटीत मी पाच वर्षं तळाशी होते, आणि ते काम सोपं नव्हतं.

माझा जन्म माशाच्या पोटातून झाला. हसलात ना? हसा. समुद्रात एक मोठा मासा असतो, त्याला पोपटासारखी चोच असते. तो प्रवाळ कुरतडतो, त्यातलं कोवळं तेवढं पचवतो आणि राहिलेला चुरा मागच्या बाजूने सोडून देतो. तो चुरा म्हणजे मी. माझ्यात शिंपल्यांचा भुगा मिसळला, लाटांनी आम्हाला घोळून घोळून आमच्या कडा बोथट केल्या. याला किती वर्षं लागली ते मला ठाऊक नाही. मग एक दिवस फावडं आलं, चाळणी आली, आणि मी पोत्यात बसून एका दुकानाच्या फळीवर आले.

तो दुकानदार रंगीत मासे विकायचा. रोज एखादा तरी माणूस दारातून विचारायचा, "साफ करून देता का?" आणि दुकानदार न चिडता सांगायचा, "हे बघायचे मासे आहेत हो, खायचे नाहीत." माझ्या शेजारी काळी चमकदार वाळू होती. येणारा-जाणारा तिच्यावर भाळायचा. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, आणि मी आतल्या आत फणफणायचे.

एक दिवस घड्याळ दुरुस्त करणारे एक काका आले. बारीक अंगाचे, बोलायला कंजूष. त्यांना पिवळ्या रंगाचा एक मासा पाळायचा होता. हा मासा झोपायला वाळूत शिरतो, अगदी डोक्यासकट. म्हणून काकांना वाळू निवडून हवी होती. त्यांनी प्रत्येक पोत्यातली चमचाभर वाळू कागदावर मागून घेतली आणि खिशातून व्हिनेगरची छोटी बाटली काढली; प्रवाळ-शिंपल्यांची वाळू असली तर त्याने फेस येतो. काळीवर थेंब टाकला तर काहीच झालं नाही. "ही नुसती काच," ते म्हणाले. जाड खड्यांवर फेस आला, पण "एवढ्या मोठ्या खड्यांत मासा शिरणार कसा, आणि मधे घाण अडकून कुजेल ते वेगळंच." पिठासारख्या बारीक वाळूवर त्यांनी फुंकर मारली, ती दुकानदाराच्या शर्टावर जाऊन बसली. "पंपाच्या झोतात ही खाली टिकणार नाही." मग माझी पाळी आली. माझ्यावर थेंब पडताच मी चुरचुरले. त्यांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून माझा एकेक कण पाहिला आणि म्हणाले, "कडा बोथट आहेत. हिच्यात माशाचं अंग सोलवटणार नाही. हीच द्या." जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला निवडलं होतं. मी फार खूश झाले.

काकांच्या घरी तीन माणसं. काका, काकू आणि सूनबाई. मुलगा कामासाठी दूर असायचा. पेटी पुढच्या खोलीत होती; तिच्यात तो पिवळा मासा आणि आणखी दोन मासे. पहिले काही आठवडे मी नुसती पांढरीशुभ्र आणि बिनकामाची होते. मग माझ्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारे जीव राहायला आले. माशांच्या घाणीतलं विष ते संपवायचे, म्हणून पाणी स्वच्छ राहायचं. त्यांच्यामुळे मी मळकट दिसू लागले, काचेपाशी तर तपकिरी पट्टेच उमटले. बघणाऱ्याला वाटायचं, काय ही घाण. पण मित्रांनो, तो मळका रंग म्हणजे माझं काम होतं.

वाळूत झोपणाऱ्या त्या पिवळ्या माशाला घरात पिवळी म्हणायचे; ती मात्र माझी लाडकी. संध्याकाळी सात वाजता पेटीतला दिवा मालवला की ती तोंड खुपसायची आणि सर्रकन माझ्यात दिसेनाशी व्हायची. सकाळी दिवा लागला की भलत्याच ठिकाणाहून वर यायची. ती कुठून निघणार यावर काका-काकूंची पैज लागायची, आणि हरेल त्याने चहा करायचा. काका बहुतेक वेळा हरायचे. मग त्यांच्या हातचा चहा पिताना काकूंचं तोंड असं व्हायचं की हरलं नक्की कोण, ते कळायचं नाही. तीन वर्षं अशी छान गेली. काका पेटीचं काम करताना काकू शेजारी बसून असायच्या, बॅटरी धरायच्या, पेला द्यायच्या. बोलायचे काका एकटेच, तेही स्वतःशीच.

मग काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्या फक्त डावीकडे, भिंतीकडे बघायच्या. उजवीकडे जग आहे हेच जणू त्या विसरल्या होत्या. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, "यांना बघावंसं वाटेल असं काहीतरी उजव्या बाजूला ठेवा. मान वळली पाहिजे, नाहीतर अशीच आखडेल." काकांनी पेटी त्यांच्या खोलीत, पलंगाच्या उजवीकडे आणली. मला थोडी थोडी करून, त्याच खाऱ्या पाण्यात बुडवून हलवलं. दहा दिवस काही झालं नाही. अकराव्या सकाळी पिवळी वर आली आणि काकूंची मान हळूहळू वळली. त्या दिवसापासून रोज वळायची. व्यायाम म्हणून सांगितलं तर त्या ढिम्म हलायच्या नाहीत, पिवळीसाठी मात्र हलायच्या. काका दाराआड जाऊन रडले. मी ऐकलं.

आता सूनबाईविषयी सांगते. तिचा राग करू नका. ती एका दवाखान्यात स्वच्छतेची देखरेख करायची. जंतू म्हणजे तिचे जन्माचे वैरी. सासूचं अंथरूण ती दिवसातून दोनदा बदलायची, आणि कधी तोंड वाकडं केलं नाही. तिला माशांचीही हौस होती. तिने काकांना तीनदा विचारलं होतं, "बाबा, पेटीचं मलाही दाखवा ना. तुम्ही नसलात तर?" काका म्हणायचे, "तुला नाही जमायचं. वाळूला हात लावू नकोस, म्हणजे झालं." का लावायचा नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. खरं सांगू का, मला तेव्हा ते आवडायचं. मी म्हणजे कुणी फार नाजूक, फार मोलाची, माझी गुपितं फक्त काकांना ठाऊक. त्या ताठ्याची आज मला लाज वाटते.

काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ते आठ दिवसांसाठी दुसऱ्या गावी गेले. चौथ्या दिवशी सूनबाई काकूंची खोली पुसत होती. तिने काचेपाशी वाकून माझे तपकिरी पट्टे पाहिले, आणि आजारी माणसाच्या उशाशी एवढी घाण बघून तिला राहवेना. तिला वाटलं, बाबांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं म्हणून राहून गेलं असेल. ते यायच्या आत सगळं लख्ख करून ठेवू, त्यांनाही बरं वाटेल. तिने मासे बादलीत काढले आणि पेल्याने मला उपसायला लागली.

तेव्हा काकूंनी डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडी कठड्यावर थापा मारायला सुरुवात केली. जोरात, पुन्हा पुन्हा. सूनबाई धावत गेली. तिला वाटलं, वारं लागतंय. तिने खिडकी बंद केली. थापा थांबल्या नाहीत. तिने पाणी पाजलं, उशी सारखी केली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही तिने पुसलं. "हे काय आई, एवढंसं काम आहे, आत्ता होईल," असं म्हणून ती मला मोरीत घेऊन गेली.

तिथे काय झालं ते सांगताना अजून मला कसंतरी होतं. धुण्याची पावडर, कडकडीत पाणी, मग तीन वेळा खळबळणं. माझ्यात राहणारे सगळे जीव त्या एका तासात गेले. मी बर्फासारखी पांढरी होऊन पेटीत परत आले. सूनबाई लांब उभी राहून बघत होती, आणि बिचारी खूप समाधानात होती.

त्या संध्याकाळी पिवळी माझ्यात शिरली, पण तिची धडधड थांबेना. दुसऱ्या दिवशी ती उशिरा वर आली. पाण्यावर फेस चढला. माशांची घाण आता खाणारं कुणी नव्हतं. पट्ट्यापट्ट्यांचे दोन केशरी मासे वर तोंड काढून धापा टाकू लागले. सहाव्या संध्याकाळी पिवळी शेवटची माझ्यात आली. सातव्या सकाळी दिवा लागला, काकूंची मान वळली, आणि पिवळी आली नाही. काकू दुपारपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी मान पुन्हा भिंतीकडे केली. पिवळी कुठे आहे हे एकट्या मला माहीत होतं, आणि मी कुणालाच सांगू शकत नव्हते.

आठव्या दिवशी काका डोळ्याला पट्टी बांधून आले. दारातच त्यांना वास आला. त्यांनी पाण्यात बोटं बुडवून चोळून पाहिली.

"हे कुणी धुतलं?"

"मी धुतलं," सूनबाई म्हणाली. "फार घाण झाली होती. पावडरीने धुतलं, पण तीन पाण्यांतून काढलं."

"हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. का नको, ते कधी सांगितलंत? मी तीनदा विचारलं, बाबा. कारण कळलं असतं तर मी बोटसुद्धा लावलं नसतं."

काका खुर्चीत बसले. मग सूनबाईचाच चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "आई त्या दिवशी कठडा वाजवत होत्या. मला वाटलं, खिडकी लावायची आहे."

दोघांनी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीकडे बघत होत्या.

काकांना दिसत नव्हतं, म्हणून सूनबाईने खांद्यापर्यंत हात घालून मला चाचपलं आणि पिवळीला बाहेर काढलं. रंगीत मासे विकणाऱ्या त्या दुकानदाराला फोन गेला. तो धावत आला, दोन केशरी मासे डब्यात घालून आपल्या दुकानात घेऊन गेला. ते वाचले. पेटी रिकामी झाली आणि माझी रवानगी बादलीत झाली. काका म्हणाले, "विकून टाकू ही पेटी. मला आता बघवत नाही."

पण काकूंची मान वळायची बंद झाली होती. एक आठवडा गेला, दुसरा गेला. व्यायामवाल्या बाईने हाताने वळवून पाहिली तर काकू कळवळल्या. बाहेर येऊन ती म्हणाली, "आणखी महिना असं चाललं तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी सूनबाई दुकानात जाऊन तीन कागदी पुड्या घेऊन आली. दुकानदाराने तिला तीन तऱ्हेच्या वाळू दिल्या होत्या. कुठली घ्यायची ते काकाच ठरवतील, असं तो म्हणाला. पण काकांना महिनाभर भिंग लावायची बंदी होती. "मला कण दिसत नाहीत," ते म्हणाले. "आत्ता राहू दे."

सूनबाईने राहू दिलं नाही. तिने चार वाडगे घेतले. तीन वाडग्यांत त्या तीन वाळू ओतल्या आणि चौथ्यात बादलीतली मी. ते चारही तिने पलंगाच्या उजव्या बाजूला स्टुलावर मांडले आणि स्वतः खाली बसली. "आई," ती म्हणाली, "बाबांना दिसत नाही. मला कळत नाही. तुम्ही सांगा, कुठली घेऊ?"

काकू हलल्या नाहीत. सूनबाई उठलीही नाही. तिच्या चहावर साय धरली. बाहेर कुणीतरी घंटा वाजवून निघून गेलं, तरी ती तिथेच बसून होती. मग काकूंनी दात आवळले आणि त्यांची मान इंचाइंचाने वळली. डावा हात अंगावरून पलीकडे आला. काळ्या वाळूचा वाडगा त्यांनी एका बोटाने बाजूला सारला. बारीक वाळूची चिमूट घेतली, अर्ध्या ओठांनी फुंकली आणि तोही वाडगा सारला. मग त्यांचा हात माझ्यात आला, खोलवर. त्यांनी मला ओळखलं आणि मी त्यांना. मित्रांनो, मला वाटलं, आता मी परत जाणार. काकूंनी चिमूटभर मला नाकाशी नेलं. हुंगलं, पुन्हा हुंगलं. आणि मला वाडग्यात परत ठेवून तो वाडगा हलकेच दूर केला. शेवटी त्यांनी उरलेल्या वाडग्यातली वाळू, टोचते का म्हणून, ओठावर घासून पाहिली आणि हात तिच्यातच ठेवला. ती माझ्याच जातीची होती, नवीन पोत्यातली.

काका दारात उभे होते. "हिला हे कधीपासून कळतं?" ते म्हणाले. "हिने मला कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?" सूनबाई म्हणाली.

काकूंनी बरोबर केलं. साबण माझ्या कणाकणात मुरलाय. माझ्यात आता कुठलाही मासा जगणार नाही. तरी मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्या दिवशी काकूंची मान वळली होती, आणि वळून तशीच राहिली होती. ते पाहून मी माझं दुःख गिळलं.

माझी बादली मग इथे जिन्याखाली आली, पण घरातलं माझ्या कानावर पडत असतं. नवीन वाळू अजून पांढरी आहे. तिला मळायला वेळ लागेल, आणि तोवर पेटीत मासा सोडायचा नाही, हे आता घरातल्या तिघांनाही माहीत आहे. काही करायचं झालं की सूनबाई आधी काकूंच्या समोर येऊन उभी राहते. मित्रांनो, तुम्हालाही कधी कुणाचं काहीतरी चांगलं करावंसं वाटेल. जरूर करा, पण आधी विचारा. जाणत्यांनो, कारण हातचं राखून ठेवू नका. आणि समोरच्याला बोलता येत नसेल, तर विचारून झाल्यावर तिथेच बसून राहा. उत्तर यायला वेळ लागतो.