सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे

मानवी संस्कृती परस्परविश्वासावर उभी आहे, असे थोर माणसे सांगतात. इस्पितळाची प्रयोगशाळा मात्र सगळ्यांच्या फायली सांभाळणाऱ्या, तळघरातल्या एका सर्व्हरवर उभी होती, आणि सकाळी साडेदहापासून तो कोणाशीही बोलत नव्हता.

"बाई, बंद करून चालू करा ना!" हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी स्वतःचा संगणक तीनदा बंद-चालू केला होता. सकाळचे काम गेले ते गेलेच, आता तो सुरूही होईना.

"माझ्याला हात लावू नका हं," टायपिस्टबाई म्हणाल्या.

पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर एक रिपोर्ट तोंडी सांगून विमानात बसले होते. बाईंनी 'सेव्ह' दाबले आणि पडदा पांढराफटक पडला. बाहेर बाकावर एक मुलगी बसली होती. तिच्या आईच्या गाठीचे काय करायचे, ते सर्जन बारा वाजता त्या रिपोर्टवरून ठरवणार होते. बाईंना उत्तर ठाऊक होते. पण मिलिमीटरचे आकडे आठवणीने लिहायचे नसतात.

प्लगकाका आले. इस्पितळातले सगळे संगणक त्यांच्या ताब्यात, आणि पहिला प्रश्न कायम "प्लग लावलाय का?" म्हणून हे नाव.

"बंद नाही ना केलंत?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, यंत्र सर्व्हरची वाट बघत असेल तर बघू द्यावं."

"माझं ऐकलंत? घरी कुणी ऐकत नाही हो!"

तळघरात सर्व्हर ठणठणीत होता. काकांनी दुसऱ्या संगणकावरून त्याच्या नेटवर्कवरच्या नंबरावर हाक मारली, 'ओ' आली. फायली मागितल्या, नकार. काकांनी सर्व्हरची वायरच उपटली आणि पुन्हा हाक मारली.

'ओ' आलीच.

म्हणजे त्या नंबरावर दुसरेच कोणी बसले होते. काकांनी यंत्रांच्या नंबरांची वही उघडली. गुरुवारची नोंद : नवा प्रिंटर, नंबर तोच. अक्षर काकांचेच. प्रिंटरचे बटण हेडक्लार्कांनी आजच, साडेदहाला दाबले होते.

काकांनी सर्व्हरची वायर लावली, प्रिंटरची काढली. मिनिटभराने बाईंचा पडदा भरला. एक अक्षर गेले नव्हते.

"काका, उपकार झाले हो तुमचे."

"कसले उपकार? घोळ माझाच. उलट तुम्ही धीर धरलात म्हणून वाचलो मी."

"कबूल तरी केलंत! इथं कोण करतं?"

मग बाईंनी तो रिपोर्ट पडद्यावरून कागदावर हाताने उतरवला. काकांनी आकडे दोनदा वाचून दाखवले, आणि बाईंनी खाली 'खरी नक्कल'चा शिक्का मारला. पावणेबाराला मुलीने 'गाठ साधी आहे' एवढे वाचले आणि दोघांचे हात घट्ट धरले. काकांना कुठे बघावे कळेना.

हाताने उतरवला, कारण जुना प्रिंटर भंगारात गेला होता आणि नवा बंद होता. नंबर बदलायचा तर त्याचे माहितीपुस्तक हेडक्लार्कांच्या कपाटात होते, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या घरी.