बन्सीचं रबात

“आबा, पुन्हा गाडीपाशीच थांबलात?”

बद्री अर्ध्या वाटेतून परत आला. त्याची बायको आणि पोरगी हसन नावाच्या मनोऱ्याच्या दारापर्यंत पोहोचल्या होत्या आणि इकडं त्याचा बाप बन्सी रुमालानं गाडीची काच पुसत होता.

“तुमी जाऊन या. म्या हाय इथं.”

“गाडी कुणी नेत नाय. चला.”

सवय जाता जात नव्हती. बन्सीनं उभा जन्म औरंगाबादेत टुरिस्ट गाडी चालवली होती. पाहुण्यांना मकबऱ्याच्या, वेरुळच्या दारात सोडायचं आणि ते येईपर्यंत गाडी सोडून हलायचं नाही, हा त्या धंद्याचा रिवाज. आता लेकाकडं मोरोक्कोची राजधानी रबात बघायला आला, तर इथंही त्यानं आधी उतरून सगळ्यांची दारं उघडली. सूनबाई लाजून चूर झाली. नात मात्र मोठ्या रुबाबात उतरली.

मनोरा अर्धाच होता. बांधणारा राजा मेला आणि काम तिथंच राहिलं, असं बद्रीनं सांगितलं. समोर मोडके खांब ओळीनं उभे होते. बन्सीनं मान हलवत सगळं पाहिलं, पण त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. गुडघ्यांमुळं आवडाबाई आली नव्हती, पण निघताना तिनं नवऱ्याला बजावलं होतं, “त्याला तोंडावर इचारा, परत कवा येतो. फोनवर नुसतं बघू बघू करतो.”

बद्री औरंगाबादजवळचा शेंद्र्याचा कारखाना सोडून इथल्या गाड्यांच्या कारखान्यात आला तो दोन वर्षांसाठी म्हणून. नात इथंच जन्मली, आता शाळेत जायला लागली. औरंगाबादेत छावणीतल्या घरावर त्याच्यासाठी चढवलेली खोली अजून कुलपातच होती. गुडघे दुखत असले तरी आवडाबाई जिना चढून ती झाडून यायची.

दुपारी ते नदीकाठच्या जुन्या किल्ल्यात गेले. आत निळ्या-पांढऱ्या भिंतींच्या अरुंद गल्ल्या होत्या. बद्री पुढं चालत, हात उंचावून एकेक दाखवत होता. दोन दुकानदारांनी त्याला नावानं हाक मारली. पाव विकणाऱ्या एका म्हातारीशी नात तिच्या भाषेत कचाकचा भांडली आणि एक पाव जास्तीचा घेऊन आली. म्हातारी हसत होती.

वरच्या गच्चीवरून नदी समुद्राला मिळताना दिसली. त्याच्या गावाकडच्या, पिशोरच्या माणसाला एवढं पाणी एका जागी बघायची सवय नसते. बन्सी कठडा धरून उभा राहिला.

“कसं हाय आमचं गाव, आबा?” बद्रीनं हौसेनं विचारलं.

बन्सीला एकदम आपला बाप सांडू आठवला. बन्सी औरंगाबादेत नवा असताना सांडू पिशोरहून त्याला भेटायला आला होता. बन्सीनं दिवसभर म्हाताऱ्याला पाणचक्की दाखवली, मकबरा दाखवला, गुलमंडीवर भजी चारली. म्हातारा सगळं बघून संध्याकाळच्या एसटीनं परत गेला आणि पुढच्या हंगामाला त्यानं शेत बटाईनं देऊन टाकलं. थकला असेल, असं बन्सीला तेव्हा वाटलं होतं. म्हातारा त्या दिवशी काय विचारायला आला होता, ते त्याला आज कळलं. त्याला फार वाईट वाटलं.

“ब्येस हाय,” तो म्हणाला. “लई ब्येस हाय.”

“तुम्हाला कायतरी बोलायचं होतं ना? सकाळपासनं बघतोय मी.”

“काय नाय. पाव गरम हाय तवर खाऊन घेऊ.”

घरी पोहोचतात तोच आवडाबाईचा फोन आला. बन्सी गॅलरीत गेला आणि त्यानं मागचं दार ओढून घेतलं.

“इचारलं का?”

“शेंद्र्याच्या कारखान्यातला तो पोरगा खोली मागत होता ना, बायकोला आणायचंय म्हणून? त्याला वरची खोली देऊन टाक.”

  

“बद्रीचा पलंग काढू,” आवडाबाईनं विचारलं, “का राहू देऊ?”

“राहू दे. त्यांना लागंल.”